त्या जल्लोषाची बाजू

चित्रपटगृहात क्वचित असा एक क्षण येतो की पडद्यावर कोणीही काही बोलत नसते आणि तरीही शेकडो माणसे एकाच वेळी जागेवरून उठून ओरडतात. २०१९ साली आलेल्या 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' या महानायकांच्या संघाच्या चित्रपटात असा क्षण होता. मेघगर्जनेचा देव थॉर उताणा पडलेला आहे, खलनायक थॅनोस त्याच्याच कुऱ्हाडीचे पाते त्याच्या छातीवर रेटतो आहे, आणि मागे धुळीत पडलेला थॉरचा हातोडा थरथरतो आणि वर उचलला जातो. तो थॅनोसवर आदळतो, गिरकी घेऊन मागे फिरतो, कॅमेरा त्याच्या पाठोपाठ धावतो आणि हातोडा कॅप्टन अमेरिकाच्या मुठीत येऊन थांबतो. मी तेव्हा त्या अंधारात बसलो होतो. शेजारच्या खुर्चीवरच्या, ज्याचे नावही मला ठाऊक नव्हते अशा माणसाने माझा दंड घट्ट धरला होता आणि आम्ही दोघेही काय ओरडत होतो ते आम्हाला स्वतःलाच ऐकू येत नव्हते.

हा क्षण ज्याला नुसता पाहायचा आहे, त्याला त्यात एक उडणारा हातोडा दिसेल, त्याहून अधिक काही नाही. तो समजण्यासाठी २०११ सालच्या 'थॉर' चित्रपटात घातलेली एक अट आठवावी लागते: जो योग्य असेल त्यालाच हा हातोडा उचलता येईल. मग २०१५ सालच्या चित्रपटातला मेजवानीचा प्रसंग आठवावा लागतो. लढाई संपलेली आहे, सगळे निवांत बसले आहेत, आणि थट्टामस्करीत एकेक जण हातोडा उचलून पाहतो. कोणालाच तो हलत नाही. कॅप्टन पुढे होतो, जोर लावतो, आणि हातोडा केसभर सरकतो. थॉरच्या चेहऱ्यावरचे हसू क्षणभर मावळते. कोणी काही बोलत नाही, प्रसंग पुढे जातो. तो केसभर सरकलेला हातोडा प्रेक्षकांनी चार वर्षे मनात जपून ठेवला होता. कॉमिक्स वाचणाऱ्यांची आठवण तर त्याहून मागे जाते, कारण १९८८ सालच्या एका अंकात कॅप्टनने हा हातोडा उचललेला त्यांनी पाहिला होता. म्हणजे एकाच सभागृहात काहींच्या चार वर्षांच्या आणि काहींच्या तीस वर्षांच्या प्रतीक्षेचे फळ त्या काही सेकंदांत हाती आले.

अशा जल्लोषाकडे पाहून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मोठ्या वयाच्या माणसांनी रंगीत पोशाखातल्या काल्पनिक वीरांसाठी शिट्ट्या मारणे हे अपरिपक्वतेचे लक्षण आहे, असे काहींना वाटते. काहींच्या मते हा उत्साह खरा नाहीच. तो जाहिरातींनी पिकवलेला आहे आणि प्रेक्षक हे त्या यंत्रणेचे गिऱ्हाईक आहेत. मी हे दोन्ही आक्षेप गांभीर्याने घेतो, कारण ते करणारी माणसे चित्रपटांवर प्रेम करणारीच असतात. पण महानायकांच्या संघाचा चित्रपट हा प्रकार मुळात चालतो कसा, याचा विचार या आक्षेपांत झालेला मला दिसत नाही. हा चित्रपट पडद्यावर अर्धाच घडतो. उरलेला अर्धा प्रेक्षकाच्या आठवणीत असतो, आणि ती आठवण प्रेक्षकाने स्वतः सांभाळलेली असते. म्हणून चाहत्याचा उत्साह ही बाहेरून लावलेली आग नाही. त्या कलाकृतीचा तो एक भाग आहे. आणि तो भाग आपला आहे असे एकदा मानले की चाहत्यावर काही जबाबदाऱ्याही येतात. त्यांच्याबद्दल आपण चाहते फारसे बोलत नाही, आणि ती आपली चूक आहे.

आठवणीवर उभी राहणारी कथा ही काही नवी गोष्ट नाही. प्राचीन ग्रीक नाट्यगृहात बसलेल्या प्रेक्षकाला ईडिपसचे पुढे काय होणार हे आधीच माहीत असे. त्याला उत्सुकता असे ती ठाऊक असलेली गोष्ट या वेळी कशी उलगडते याची. ज्याला कथा ठाऊक आहे, त्याच्यासाठी एखाद्या पात्राने उच्चारलेला साधा शब्दही दुहेरी अर्थाने भरून येतो. या रसास्वादाला आपण कधी पोरकट म्हटलेले नाही. उलट, प्रेक्षकाची ही पूर्वतयारी आपण सुसंस्कृतपणाची खूण मानत आलो आहोत. मग तीच पूर्वतयारी कॉमिक्सच्या आणि चित्रपटांच्या वाचक-प्रेक्षकांकडे असली की तिचे मोल एकदम का घसरावे, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

ही आठवण तयार व्हायला वेळ लागतो आणि धोका पत्करावा लागतो. या वीरांची कॉमिक्स काढणारी मार्व्हल ही कंपनी १९९६ साली दिवाळखोरीत गेली होती. त्या पडत्या काळात तिच्या सर्वांत लोकप्रिय पात्रांचे चित्रपट-हक्क दुसऱ्या स्टुडिओंकडे गेले: स्पायडर-मॅन एकाकडे, एक्स-मेन दुसऱ्याकडे. उरली ती सामान्य प्रेक्षकाला फारशी परिचित नसलेली पात्रे. २००५ साली त्यातल्या १० पात्रांचे हक्क तारण ठेवून कंपनीने ५२ कोटी ५० लाख डॉलरचे अर्थसाह्य उभे केले आणि स्वतः चित्रपट काढायला सुरुवात केली. २००८ साली 'आयर्न मॅन' आला. श्रेयनामावली संपल्यावर काळी डोळापट्टी बांधलेला एक माणूस अंधारातून पुढे येतो आणि एका संघाची गोष्ट काढतो, तेवढीच त्या भविष्याची चाहूल होती. त्यानंतर २०१२ सालच्या 'अ‍ॅव्हेंजर्स'पर्यंत आणखी चार चित्रपट आले आणि त्यांतून संघातले मुख्य वीर प्रेक्षकांच्या ओळखीचे झाले. कोण गर्विष्ठ आहे, कोण काळाच्या मागे राहिला आहे, कोणाला स्वतःच्याच रागाची भीती वाटते, हे प्रेक्षक घरून ठरवून आला होता. त्यामुळे ही माणसे एका खोलीत येऊन भांडू लागली, तेव्हा भांडणाचे कारण कोणाला समजावून सांगावे लागले नाही. या चित्रपटाने जगभरात १५० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली.

याच्या उलट उदाहरण २०१७ सालचे आहे. सुपरमॅन, बॅटमॅन आणि वंडर वूमन या तिघांना एका पडद्यावर आणणारा 'जस्टिस लीग' हा संघ कॉमिक्सच्या दुनियेत अ‍ॅव्हेंजर्सहून जुना. तो १९६० पासूनचा आहे. लोकांना ठाऊक असण्याच्या बाबतीत त्याच्यातली पात्रे किती तरी पुढे होती. तरीही चित्रपटाने सुमारे ६५ कोटी डॉलरवर दम टाकला, जो त्याच्या प्रचंड खर्चाच्या मानाने अपुरा होता. निर्मितीच्या मध्यावर दिग्दर्शक बदलावा लागला हे एक मोठे कारण होतेच. पण मला दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. अ‍ॅक्वामॅन, फ्लॅश आणि सायबॉर्ग या संघातल्या तिघांची स्वतंत्र गोष्ट त्या प्रेक्षकाने पडद्यावर तोवर पाहिलेलीच नव्हती. ते एकत्र आले तेव्हा प्रेक्षकाच्या मनात त्यांच्यासाठी जागा तयार नव्हती. जाहिरात दोन्ही चित्रपटांची अफाट झाली होती. जाहिरातीने जल्लोष पिकत असता तर दोन्हीकडे सारखाच पिकला असता.

संघाची गोष्ट लिहिणे किती अवघड आहे, याकडे टीकाकारांचे फार कमी लक्ष जाते. एकट्या वीराची कथा त्याच्या सामर्थ्यावर चालते. संघाच्या कथेला मात्र तेच सामर्थ्य गोत्यात आणते. सर्वांत बलवान माणूस सतत हजर असेल तर बाकीच्यांनी करायचे काय? ही अडचण फार जुनी आहे. सोनेरी लोकर आणायला निघालेल्या आर्गो नौकेवर ग्रीक पुराणातले सगळे वीर एकत्र आले होते, त्यांत हेराक्लीसही होता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात रोड्सच्या अपोलोनियसने ही कथा महाकाव्यात मांडली, तेव्हा पहिल्याच सर्गाच्या शेवटी त्याने हेराक्लीसला वाटेत किनाऱ्यावर मागे ठेवले. हरवलेल्या सोबत्याला शोधत तो रानात भटकतो आणि नौका त्याच्याशिवाय निघून जाते. तो नौकेवर राहिला असता तर मोहिमेचा म्होरक्या जेसन याला नायक होताच आले नसते. १९६३ साली अ‍ॅव्हेंजर्सचा पहिला अंक निघाला तेव्हा संघात हल्क होता, म्हणजे ब्रूस बॅनर हा माणूस रागावला की ज्याच्यात बदलतो तो महाबली. दुसऱ्याच अंकात तो संघ सोडून गेला. २०१८ सालच्या चित्रपटात सुरुवातीलाच मार खाल्लेला हल्क पुन्हा बाहेर यायलाच नकार देतो आणि ब्रूस बॅनर त्याच्या विनवण्या करत राहतो. दोन हजारांहून अधिक वर्षांच्या अंतराने तीच अडचण आणि जवळपास तीच तोड. ज्या कथाप्रकारात कथनाचे इतके जुने प्रश्न अजून जिवंत आहेत, त्याला केवळ स्फोटांची मालिका म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

याचे दृश्यरूप पाहायचे असेल तर २०१२ सालच्या चित्रपटातली न्यूयॉर्कची लढाई पाहावी. सहा जण रस्त्याच्या मधोमध पाठीला पाठ लावून उभे राहतात आणि कॅमेरा त्यांच्याभोवती फिरतो. एकाकडे धनुष्यबाण आहे, एकजण देव आहे, एकीजवळ फक्त पिस्तूल आणि तिचे प्रशिक्षण आहे, आणि तरीही त्या वर्तुळात कोणी कमी उंचीचा दिसत नाही. पुढे एका सलग वाटणाऱ्या दृश्यात कॅमेरा इमारतींमधून सुसाटत एका वीरापासून दुसऱ्याकडे जातो. एकाचे काम जिथे संपते तिथे दुसऱ्याचे सुरू होते. चाहत्याला तिथे टाळी वाजवावीशी वाटते ती कोण जिंकले यासाठी नाही. एकमेकांना सहन न होणारी माणसे आता एकमेकांचे राहिलेले काम न सांगता उचलू लागली आहेत, हे त्याला दिसते. आपल्या प्रत्येकाच्या आयुष्यात असे एकत्र काम होणे किती दुर्मीळ आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ती टाळी पोरकट वाटू नये.

आणि हा उत्साह केवळ आरडाओरड्याचा असतो असेही नाही. २०१८ सालच्या 'इन्फिनिटी वॉर'च्या शेवटी विश्वातले अर्धे जीव धूळ होऊन विरून जातात आणि खलनायक एकटा बसून उगवत्या सूर्याकडे पाहतो. नावे पडद्यावर येऊ लागली तरी सभागृहात कोणी हलले नाही. पुढच्या रांगेतला एक मुलगा वळून वडिलांच्या तोंडाकडे पाहत होता आणि वडिलांनी नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. एरवी एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या तीन-चारशे माणसांनी इतका वेळ एकत्र गप्प बसून एक पराभव पचवणे, हे घरच्या पडद्यासमोर घडत नाही. पुढच्या वर्षी 'एंडगेम' येण्यापूर्वी दिग्दर्शक रूसो बंधूंनी चाहत्यांना पत्र लिहून शेवट फोडू नका अशी विनंती केली. ती पाळली जावी यासाठी चाहत्यांनी एकमेकांना जपले. ज्यांनी पाहिला होता त्यांनी, न पाहिलेल्या परक्या माणसांसाठीही, आपला आनंद काही आठवडे गिळून ठेवला. या शिस्तीचा उल्लेख मला चाहत्यांवरच्या टीकेत कधी आढळत नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येतो. २०१९ साली दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांनी हे चित्रपट म्हणजे सिनेमा नव्हे, ते थीम पार्कच्या अधिक जवळचे आहेत, असे मत एका मुलाखतीत मांडले आणि नंतर न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून ते सविस्तर स्पष्ट केले. त्या वेळी अनेक चाहत्यांनी त्यांच्यावर तुटून पडण्यात धन्यता मानली. मला ते तेव्हाही पटले नव्हते. ज्या माणसाने आयुष्यभर स्वतः उत्तम चित्रपट काढले आणि त्याबरोबरच जगभरातले नष्ट होऊ घातलेले जुने चित्रपट वाचवण्यासाठी संस्था उभी केली, त्याचे म्हणणे चाहत्याने शांतपणे ऐकून घ्यायला हवे होते. त्यांच्या लेखात दोन वेगळे मुद्दे आहेत. पहिला असा, की या चित्रपटांत धोका नसतो. सगळे आधी तपासून, बाजाराच्या मापाने बेतलेले असते आणि म्हणून त्यात मानवी अनुभवाचा अनपेक्षित साक्षात्कार नसतो. दुसरा असा, की हे चित्रपट बहुतेक पडदे व्यापून बसतात आणि इतर प्रकारच्या चित्रपटांना जागाच उरत नाही.

दुसरा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. एखाद्या शुक्रवारी एकाच चित्रपटाला इमारतीतले जवळपास सगळे पडदे दिले जातात, तेव्हा त्या आठवड्यात आलेला एखादा लहान, मेहनतीने केलेला चित्रपट पाहायची इच्छा असलेल्याला परत फिरावे लागते. हे नुकसान खरे आहे, आणि चाहत्याने ते नाकारू नये. पण ते घडवणारा निर्णय वितरकांचा आणि चित्रपटगृह चालवणाऱ्यांचा असतो. माझ्या टाळीने कोणाचा पडदा हिरावला जात नाही. एका आठवड्यात सगळ्यांना पहिल्याच दिवशी पाहायला मिळावे हा आग्रह मात्र आम्ही चाहत्यांनी सोडायला हवा. ज्याने चार वर्षे वाट पाहिली त्याला आणखी चार दिवस थांबता येते. पडद्यांच्या वाटपावर काही मर्यादा असावी, अशी मागणी छोट्या चित्रपटांच्या बाजूने कोणी केली, तर तिच्या पाठीशी सर्वांत आधी आम्ही उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

पहिला मुद्दा मात्र मला तसाच्या तसा स्वीकारता येत नाही. यातले बरेच चित्रपट बेतलेले असतात, हे खरे आहे. पण चाहता ते ओळखतो, आणि ओळखले की पाठ फिरवतो. २०२३ साली याच मालिकेतला, तीन नायिकांना एकत्र आणणारा चित्रपट जगभरात सुमारे २० कोटी डॉलरवर थांबला. मालिकेतली ती तोवरची सर्वांत कमी कमाई होती. चार वर्षांपूर्वी २८० कोटी डॉलरच्या आसपास पोचलेल्या 'एंडगेम'चेच प्रेक्षक ते. मधल्या काळात चित्रपट आणि मालिकांचा इतका भडिमार झाला की पुढच्या गोष्टीसाठी कोणती आठवण जपायची हेच कळेनासे झाले. जो सहज फसतो त्याला असे थकायला होत नाही. प्रेक्षकाने जिथे आपला भाग उचलला नाही तिथे चित्रपट पडला, यावरून तो भाग किती मोठा असतो ते कळते.

येथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडे कठोर बोलायचे आहे. आठवण आपली आहे असे म्हणता म्हणता काही चाहते पात्रांवर मालकी सांगू लागतात. २०१९ सालीच, एका नायिकाप्रधान चित्रपटाच्या प्रदर्शनापूर्वी, तो न पाहताच त्याच्याविरुद्ध शेरे लिहिण्याची लाट आली आणि रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाला प्रदर्शनाआधी प्रेक्षकांचे अभिप्राय घेण्याची सोयच बंद करावी लागली. 'जस्टिस लीग'च्या मूळ दिग्दर्शकाची, झॅक स्नायडर यांची, आवृत्ती मिळावी यासाठी जे आंदोलन झाले त्याला तर दोन तोंडे होती. स्नायडर यांनी मुलीच्या मृत्यूनंतर ते काम सोडले होते. त्यांच्या चाहत्यांनी आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला लाखो डॉलर मिळवून दिले, आणि २०२१ साली चार तासांची ती आवृत्ती आलीही. त्याच गर्दीतले काही जण मात्र ज्यांचे मत वेगळे त्यांना शिव्याशाप देत फिरत होते. एकाच प्रेमातून दोन्ही निघाले. ज्या कथांचा सारा भर भिन्न स्वभावांच्या माणसांनी एकमेकांना सामावून घेण्यावर आहे, त्या कथांच्या नावाने कोणाला हाकलून लावणे, हे त्या कथा न कळल्याचे लक्षण आहे.

यापेक्षाही मला अधिक टोचते ती आपल्या आठवणीतली एक पोकळी. थॅनोस हे पात्र जिम स्टारलिन यांनी निर्माण केले; १९७३ साली ते पहिल्यांदा कॉमिक्समध्ये आले. 'एंडगेम'च्या सुरुवातीच्या भागात, आपली माणसे गमावलेले काही जण गोल खुर्च्या मांडून दुःख वाटून घेत बसले आहेत, असा एक प्रसंग आहे. त्यांतल्या एका खुर्चीवर स्वतः स्टारलिन बसलेले दिसतात. ज्याने त्या विनाशाची कल्पना केली तोच माणूस त्या विनाशातून वाचलेल्यांमध्ये बसला आहे, याहून हृद्य योजना कोणती असेल? आमच्या सभागृहात त्या वेळी एकही टाळी पडली नाही. मीही त्यांना ओळखले नाही. नंतर कळले तेव्हा खंत वाटली. चार वर्षांपूर्वी केसभर सरकलेला हातोडा आम्हा सगळ्यांना आठवत होता, आणि त्या कथेला जन्म देणाऱ्याचा चेहरा एकालाही ठाऊक नव्हता. २०१७ साली स्टारलिन यांनी जाहीरपणे सांगितले होते की दुसऱ्या कंपनीसाठी केलेल्या एका दुय्यम पात्राचा चित्रपटात वापर झाल्यावर त्यांना जो मोबदला मिळाला, तो थॅनोस, गमोरा आणि ड्रॅक्स या त्यांच्या तीन पात्रांच्या चित्रपटांतल्या वापराबद्दल तोवर मिळालेल्या एकूण मोबदल्यापेक्षा अधिक होता.

कॉमिक्सचे चित्रकार जॅक कर्बी यांची गोष्ट याहून मोठी आहे. १९४१ साली जो सायमन यांच्यासोबत त्यांनी कॅप्टन अमेरिका घडवला. १९६१ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत लेखक स्टॅन ली यांच्यासोबत फँटॅस्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन आणि अ‍ॅव्हेंजर्स उभे केले. एक्स-मेन आणि अ‍ॅव्हेंजर्स या दोन्ही संघांचे पहिले अंक तर १९६३ सालच्या सप्टेंबरचेच आहेत. कर्बी यांना पानामागे पैसे मिळत. पात्रांवरचा हक्क कंपनीचा. १९८०च्या दशकात स्वतः काढलेली मूळ चित्रे परत मिळवण्यासाठीही त्यांना झगडावे लागले. १९९४ साली ते गेले. २००९ साली डिस्नेने सुमारे ४०० कोटी डॉलरना मार्व्हल विकत घ्यायचे ठरवले, त्याच वर्षी कर्बी यांच्या मुलांनी हक्कांचा प्रश्न उपस्थित केला. खालच्या न्यायालयांत निकाल कंपनीच्या बाजूने लागले आणि २०१४ साली, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारात असताना, दोन्ही पक्षांत तडजोड झाली. या सगळ्या वर्षांत आम्ही चाहते कुठे होतो? काही होते, आणि त्यांनी चिकाटीने आवाज उठवला. मूळ चित्रांच्या वेळी तर वाचक आणि व्यंगचित्रकार मिळून कर्बींच्या पाठीशी राहिले. पण चित्रपटगृह दणाणून सोडणाऱ्या संख्येच्या तुलनेत ते मूठभर होते.

आजच्या काळात हाच प्रश्न संगणकासमोर बसणाऱ्यांचा आहे. संघाच्या चित्रपटात क्वचितच एखादी चौकट अशी असेल की जिला व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर दृश्ये घडवणाऱ्या, कलाकाराचा हात लागलेला नाही. आधी वर्णन केलेला हातोडा हवेत उडतो तो त्यांच्यामुळे, हल्कच्या डोळ्यांत भीती दिसते ती त्यांच्यामुळे. जास्तीचे तास, अखेरच्या घटकेला बदलणाऱ्या मागण्या आणि अपुरा वेळ यांविषयी ही माणसे बरीच वर्षे बोलत आली. २०२३ सालच्या सप्टेंबरमध्ये मार्व्हल स्टुडिओजच्या स्वतःच्या व्हीएफएक्स विभागातल्या कर्मचाऱ्यांनी संघटना करण्याच्या बाजूने एकमताने कौल दिला. ही बातमी एखाद्या ट्रेलरइतकी नाही, पण निदान त्याच्या दहाव्या हिश्श्याने तरी चाहत्यांनी पसरवायला हवी होती. एखाद्या दृश्यातले चित्रण कच्चे दिसले की आपण त्याची खिल्ली उडवतो. ते कच्चे का राहिले, कोणाला किती रात्री मिळाल्या, हे विचारत नाही. कंपनीशी निष्ठा दाखवायला चाहता बांधील नाही. त्याचे ऋण आहे ते हाताने काम करणाऱ्यांचे, आणि त्याच्या उत्साहाची दिशा तिकडे वळली तर ती ताकद फार मोठी ठरेल. एका दिग्दर्शकाची आवृत्ती मिळवण्यासाठी जे लोक तीन वर्षे लढू शकतात, त्यांना एखाद्या वृद्ध चित्रकाराचे नाव आणि त्याचा मोबदला यांसाठी लढणे अवघड नाही.

आणि त्याची सुरुवात करायला आपल्याइतका सोयीच्या जागी बसलेला दुसरा प्रेक्षक नाही. बाकीच्या चित्रपटांना शेवटची नावे सुरू होताच दिवे लागतात आणि लोक दाराकडे वळतात. महानायकांच्या चित्रपटाचा चाहता मात्र नावे संपल्यावर येणाऱ्या छोट्या दृश्यासाठी थांबून राहतो. त्या वेळात हजारो नावे त्याच्या डोळ्यांसमोरून वर सरकत जातात: प्रकाशयोजना करणारे, पोशाख शिवणारे, साहसदृश्यांत उंचावरून पडणारे, एकेका केसाची हालचाल संगणकावर बसवणारे, आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, ज्यांच्या जुन्या अंकांवर हे सगळे उभे आहे ते लेखक आणि चित्रकार. त्या वेळात आपण बहुधा फोन पाहतो, किंवा पुढच्या भागाचे अंदाज बांधतो. मी हल्ली ती नावे वाचतो. एका खेळात दहा-बारा नावेच मनात राहतात, पण पुढच्या चित्रपटात त्यांतले एखादे पुन्हा दिसले की तो हातोडा केसभर सरकलेला पाहावा तसा आनंद होतो.

'एंडगेम'च्या वेळी आम्ही सवयीने बसूनच राहिलो होतो. मूळ सहा वीरांच्या भूमिका करणाऱ्यांच्या सह्या एकेक करून पडद्यावर उमटल्या, मग नावांची लांब रांग सुरू झाली, आणि ती संपल्यावर या वेळी कोणतेही दृश्य आले नाही. पडदा काळाच राहिला. फक्त लोखंडावर घण पडल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, ठराविक अंतराने. काही जण गोंधळून एकमेकांकडे पाहू लागले. मग मागच्या कोणत्या तरी रांगेतून एक बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "ही तर गुहा आहे." ११ वर्षांपूर्वीच्या पहिल्या चित्रपटात एका गुहेत कैद झालेल्या माणसाने भंगारातून आपले पहिले चिलखत ठोकून घडवले होते, त्याचा तो आवाज होता. आवाज थांबेपर्यंत जे कोणी आत होते त्यांच्यातले कोणीही उठले नाही.